आधी ठाणे अंमलदाराला भेटा

पोलीस ठाण्यात शिरलं की थेट साहेबांच्या केबिनकडे जायचं नाही. आधी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी जायचं, नाव सांगायचं, कशासाठी आलो ते एका वाक्यात सांगायचं आणि आपल्या येण्याची स्टेशन डायरीत नोंद होते का तेवढं बघायचं. बसा म्हणाले तर बसायचं, नाही म्हणाले तर रुसायचं नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात, मीटिंगला असतात, नाहीतर त्यांची बदली झालेली असते. ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर मात्र कुणीतरी असतंच, आणि रात्री दोन वाजता कुणाला फोन लावायचा ते तिथंच ठरतं.

मनोरुग्णांसाठी पोलीस ठाण्यात जाऊन काम करणाऱ्यांच्या आमच्या प्रशिक्षणातला हा पहिला धडा. तो ऐकताना समोरच्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. एम.ए. सायकॉलॉजी झालेल्या मुली, एमएसडब्ल्यू झालेली पोरं, मिरजेच्या नर्स, एखादा नवा मानसोपचारतज्ज्ञ. हे सगळे वही उघडून बसलेले असतात, काहीतरी थिअरी येणार म्हणून. आणि मी त्यांना टेबल कुठलं ते सांगत असते.

मी सांगलीची. मनोरुग्णांच्या घरच्यांबरोबर काम करण्यात उमेदीची वर्षं गेली. आता समुपदेशन करते आणि पोलिसांबरोबर काम करायला जी मंडळी तयार होतात, त्यांना तयार करायच्या कामात हातभार लावते. कुणाला हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, "पोलिसांना ट्रेनिंग देता होय? बरं झालं बाई, त्यांना गरजच आहे." नाही हो, पोलिसांना नाही, आपल्या लोकांना देतो. मग समोरचा माणूस जरा गोंधळतो.

पोलिसांना शिकवायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ३०व्या कलमातच लिहिलंय की पोलिसांसकट सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचं वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं. पण या व्यवहाराच्या दोन बाजू आहेत आणि दुसरी बाजू अडाणी आहे हे आमच्या क्षेत्रात कुणी कबूल करत नाही. आमची माणसं दवाखान्यात तयार होतात. पेशंट अपॉइंटमेंट घेऊन येतो, दार लावलेलं असतं, पाऊण तास हातात असतो. ठाण्यात यातलं काहीच नसतं. दार उघडं, वायरलेस चालू, बाजूला दोन भावांचं बांधावरून भांडण, आणि सोबतचा पोलीस विचारतो, "मॅडम, आता करायचं काय ते सांगा." त्याला सिद्धांत नको असतो. पुढच्या अर्ध्या तासात काय करायचं ते हवं असतं. ते सांगता येत नसेल तर आमची पदवी तिथं कुचकामी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा धडा कायद्याचा. सगळ्यात जास्त वेळ आम्ही याच कायद्याच्या शंभराव्या कलमावर घालवतो. ठाण्याच्या हद्दीत कुणी भटकताना आढळलं आणि मानसिक आजारामुळे ती व्यक्ती स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं मानायला कारण असेल, तर ठाण्याच्या प्रमुखानं तिला संरक्षणात घ्यायचं. आजारामुळे तिच्यापासून तिला स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, तरी तेच. का घेतलं ते तिला सांगायचं. तिला समजण्यासारखं नसेल तर तिच्या प्रतिनिधीला, म्हणजे उपचाराच्या बाबतीत तिच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाला, सांगायचं. जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, पण २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. डॉक्टर म्हणाले दाखल करायची गरज नाही, तर घरी पोचवायचं, बेघर असेल तर सरकारी निवाऱ्यात. आणि माणूस हरवल्याची नोंद करून घरच्यांचा माग काढायचा.

हे कलम आमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलेलंच नसतं. पोलिसांना मात्र त्यातला 'संरक्षण' हा भाग ऐकून माहीत असतो आणि पुढचा अडचणीचा असतो. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, मग गाडी येईपर्यंत ठेवायचं कुठं? ठाण्यात जागा असते किती! मुद्देमालाच्या खोलीबाहेरचा बाक, नाहीतर महिला कक्ष, तोही असला तर. म्हणून आमच्या माणसानं गेल्या गेल्या बाक शोधायचा. पंख्याखाली, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, आणि शक्यतो आरोपी बसवतात त्या कोपऱ्यात नको. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण बाक चुकला की पुढचं सगळं बिघडतं.

त्यात जुन्या कायद्याची सवय अजून मोडलेली नाही. १९८७ च्या कायद्यात अशा माणसाला आधी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, मग आदेश, मग दवाखाना, अशी वाट होती. नव्या कायद्यात वाट सरळ दवाखान्याकडे जाते. मॅजिस्ट्रेटचा रस्ता १०२व्या कलमात शिल्लक आहे, पण दर वेळी त्याच दारानं जायची सक्ती नाही. तरीही रात्री कुठल्यातरी दवाखान्याच्या काउंटरवरून ऐकू येतं, "कोर्टाची ऑर्डर आणा, मग बघू." पोलीस बिचारा गाडीत माणूस बसवून परत फिरतो. अशा वेळी आमच्या माणसानं आवाज न चढवता शंभरावं कलम मराठीत छापलेला कागद समोर ठेवायचा आणि म्हणायचं, "तपासणीसाठी आणलंय. दाखल करायचं की नाही ते तपासून तुम्हीच ठरवा." हे वाक्य आम्ही प्रत्येकाकडून पाठ करून घेतो. हसतात, पण पाठ करतात.

मिरज जंक्शन आहे. पुण्याकडून, कोल्हापुराकडून, बेळगावकडून, पंढरपूरकडून गाड्या येतात आणि त्यांच्याबरोबर माणसंही येतात, जी कुठं उतरायचं ते विसरलेली असतात. एकदा अशीच एक बाई ठाण्यात आणली होती. पन्नाशीची असावी. केसांच्या जटा, एका पायात चप्पल, हातात प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरलेली. आमची शिकाऊ मुलगी तिच्यासमोर उकिडवी बसली, नीट, शिकवल्यासारखी, आणि हळू आवाजात मराठीतून, मग हिंदीतून विचारायला लागली. नाव काय, कुठून आलात, झोप लागते का, आवाज ऐकू येतात का. बाई भिंतीकडं बघत राहिली.

ठाण्यातली महिला कॉन्स्टेबल कर्नाटकाच्या सीमेवरच्या जतकडची होती. ती चहाचा कप घेऊन आली आणि सहज म्हणाली, "ऊटा आतेन, आक्का?" जेवण झालं का, एवढंच. बाईनं मान वर केली. पाच मिनिटांत तिनं दोन गावांची नावं सांगितली. त्यातलं एक माहेर निघालं, तिथं आता कुणी राहत नव्हतं. दुसऱ्याचा पत्ता लागायला बराच वेळ गेला. ती पुढची गोष्ट लांबलचक आहे आणि इथं तिचं काम नाही.

इथं सांगायचंय ते असं की आमच्या मुलीनं लिहिलेल्या नोंदीत होतं, 'काही वेळानंतर रुग्ण संवाद साधू लागली.' काही वेळानंतर! जणू वेळानंच बोलतं केलं. मी तिला कागद परत दिला आणि म्हटलं, कॉन्स्टेबलचं नाव लिही, बक्कल नंबर लिही, कन्नडमधून बोलली ते लिही. दवाखान्यातल्या डॉक्टरला कळायला हवं की या बाईशी कुठल्या भाषेत बोलायचं. आणि दुसरं म्हणजे, आपण बोलतो ती थेरपी आणि पोलीस बोलतात त्या गप्पा, हा जो सुप्त माज आपल्यात असतो ना, तो असल्याच वाक्यांतून बाहेर पडतो.

नोंद लिहिणं हा आमच्याकडे वेगळाच अभ्यास आहे. पोलीस दवाखान्यात माणूस पाठवतात तेव्हा सोबत 'यादी' देतात. यादी म्हणजे डॉक्टरांना दिलेलं पत्रच. ती लिहायला आमची मदत मागतात आणि आमची मंडळी लगेच निदान लिहायला बघतात. 'स्किझोफ्रेनिया असावा.' असावा म्हणजे काय? ते काम डॉक्टरांचं. तुम्ही जे दिसतंय ते लिहा. काल दुपारपासून खाल्लेलं नाही. नाव विचारलं तर उत्तर नाही. मधूनमधून स्वतःशी बोलते. डाव्या पायाला जखम आहे, वास येतोय. अंग गरम लागतंय. एवढं लिहिलं की कॅज्युअल्टीतला डॉक्टर आधी ताप बघतो. ताप, डोक्याला मार, साखर उतरणं यांनीही माणूस असंबद्ध बोलतो. 'मानसिक' असा शिक्का आधी मारला की अंगाकडं कुणी बघतच नाही.

यातलं एक मी प्रत्येक तुकडीत पुन्हा पुन्हा सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल म्हणून. रोज भरपूर पिणारा माणूस पकडला गेला, कोठडीत बसला, म्हणजे त्याची दारू अचानक बंद झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरायला लागतो, घामाघूम होतो, अंगावर किडे चढताहेत म्हणून झटकत बसतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. पहाऱ्यावरच्यांना वाटतं सोंग करतोय, कोर्टातून सुटायला. ते सोंग नसतं. तो माणूस मरू शकतो, आणि त्याला दवाखान्यात नेणं हे समुपदेशनाच्या कितीतरी आधीचं काम आहे. ठाण्यात जाणाऱ्या आमच्या प्रत्येकाला हे ओळखता यायला हवं आणि 'साहेब, हे मेडिकल आहे, आत्ता १०८ बोलवा' असं ठामपणे म्हणता यायला हवं. कोठडीत असं काही झालं तर पुढं चौकश्या लागतात, हे पोलिसांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यामुळे ठाम बोललात तर ऐकतात.

अभिनयाचे तास हा सगळ्यांचा आवडता भाग. त्यात पोलीस पेशंट होतात आणि आमची मुलं पोलीस. एका हवालदारांनी, हे मामा निवृत्तीला आले होते, असा काही पेशंट रंगवला की खोलीतला हशा बंदच झाला. बायको आपल्याला विष घालते असं वाटणारा माणूस. चहाचा कप समोर ठेवला तर आधी आमच्या मुलाला प्यायला लावला, मग कप बदलला, मग म्हणाले, "तू तिचाच माणूस हायस." आमचा मुलगा म्हणाला, "तसं काही नाही, काका, तुमचा गैरसमज आहे." मामा उठले आणि टेबल ढकलून चालू पडले. नंतर त्यांनीच समजावलं, "गैरसमज म्हणालास तितंच संपलं बघ. त्याला खरं वाटतंय त्ये. तू फकस्त म्हणायचं, लई भ्या वाटत असंल न्हवं?" एवढं नेमकं कुठल्या पुस्तकात सापडेल! मी विचारलं, कुठं शिकलात, मामा? तर म्हणाले, चुलता तसा होता घरात.

तासगाव तालुक्यातल्या एका गावातला प्रसंग. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस. तिशीच्या आतला एक मुलगा घराच्या स्लॅबवर कोयता घेऊन चढला होता आणि कुणाला वर येऊ देत नव्हता. पोलीस पाटलानं ११२ ला कळवलं. गाडीबरोबर आमची एक मुलगी होती, तिचा सरावाचा काळ चालू होता. खाली सगळं गाव जमलेलं, निम्म्यांचे मोबाइल वर धरलेले.

मुलीनं मला नंतर हे सगळं क्रमानं सांगितलं, आणि क्रमच महत्त्वाचा आहे. हवालदारानं आधी गाडीवरचा दिवा बंद करायला लावला. मग पाटलाला सांगून गर्दी मागं रेटली आणि मोबाइल खिशात घालायला लावले. हातातली काठी ड्रायव्हरकडं दिली. टोपी काढली. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि वर न बघताच विचारलं, "छाटणी झाली का रं तुमची?" बराच वेळ काही नाही. मग वरून आवाज आला, "निम्मी झालीया." "मजूर मिळंनात, न्हवं?" "न्हाई मिळत."

या सगळ्यात आमच्या मुलीनं काय करायचं होतं? पहिली गोष्ट अशी की कोयता खाली ठेवेपर्यंत तिनं त्या जिन्याकडं जायचंच नाही. हत्यार हे पोलिसांचं काम. दुसरी गोष्ट, बोलणारा एकच. हवालदाराचं जमतंय म्हटल्यावर तिनं मधे तोंड घालायचं नाही, कितीही चांगलं वाक्य सुचलं तरी. ती आईकडं गेली. आई गोठ्यात रडत उभी होती. गोळ्या चालू होत्या का, कधी थांबल्या, कागद कुठं आहेत, दारू पितो का, आधी असं झालं होतं का, ऐकतो कुणाचं. गोळ्या महिनाभर बंद होत्या. बरं वाटतंय म्हणून त्यानंच टाकल्या होत्या, आणि आईलाही वाटलं होतं, पैसे वाचले. फडताळात जुना केसपेपर सापडला. त्यावरच्या डॉक्टरांना तिनं फोन लावला. पोरगा मामाचं ऐकतो हेही आईकडूनच कळलं. ते चिठ्ठीवर लिहून तिनं हवालदाराच्या हातात सरकवलं. मामा शेजारच्या गावातून आला, पोरगा खाली उतरला. उतरल्यावर दोन शिपाई झडप घालायला पुढं झाले होते, त्यांना हवालदारानंच हातानं थांबवलं.

गाडीत कुणी कुठं बसायचं हेही ठरलेलं असतं. पेशंटच्या शेजारी ओळखीचा माणूस, इथं मामा. आमचा माणूस कधीही पेशंट आणि दाराच्या मधे बसत नाही. कुठं चाललोय ते खरं सांगायचं. 'पावनं-रावळ्यांकडं जाऊन येऊ' असलं खोटं नाही. ते एकदाच चालतं आणि पुढची दहा वर्षं तो माणूस दवाखान्याच्या गाडीत बसत नाही. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र लागलं तर तिथले डॉक्टरही तातडीचा उपचार करू शकतात. चौऱ्याण्णवाव्या कलमानुसार कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत ती मुभा आहे. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. हेही अनेक डॉक्टरांना आमच्या मुलांनीच सांगावं लागतं. सांगताना जरा अदबीनं सांगा म्हणते मी.

परदेशात कसं आहे, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. अमेरिकेत मेम्फिसला १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक मनोरुग्ण तरुण गेला. त्यानंतर १९८८ मध्ये तिथं पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे घरचे यांनी मिळून काही पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. ती पद्धत पुढं बऱ्याच ठिकाणी गेली. ऑरेगनमधल्या युजीनला १९८९ पासून वेगळा प्रयोग झाला. तिथं हत्यार नसलेली दोन माणसं, एक वैद्यकीय आणि एक समुपदेशनातला, व्हॅन घेऊन जायची, आणि गरज लागली तरच पोलीस. इंग्लंडमध्ये पोलिसांना अशा माणसाला सुरक्षित ठिकाणी नेण्याचा अधिकार तिथल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १३६व्या कलमात आहे. तिथली ७२ तासांची मुदत २०१७ च्या अखेरीस २४ तासांवर आणली गेली, आणि कलम वापरण्याआधी शक्य असेल तिथं डॉक्टर, नर्स अशा कुणाचा तरी सल्ला घ्यायचं पोलिसांवर बंधन आलं. म्हणजे रात्री पोलिसाचा फोन उचलणारा कुणीतरी आपल्या बाजूला जागा असायला हवा! आमच्या मंडळींना सगळ्यात न आवडणारा भाग हाच. पोलिसांना आमचा फोन नंबर दिलेला असतो, आणि रात्री तो बंद असतो.

पण एवढं लांब जायची गरज नाही. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात बसणाऱ्या समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या जागेत बसल्या, पोलिसांच्या साहेबांशी रोज बोलल्या, पण पोलिसांच्या नोकर झाल्या नाहीत. पुढं हे कक्ष राज्यभर पसरले. पोलिसांच्या छपराखाली बसून आपलं काम आपलंच कसं ठेवायचं, याचा इतका जुना घरचा अनुभव असताना आम्ही मेम्फिसची स्लाइड दाखवतो. असो.

कारण खरी कसरत तिथंच आहे. आपल्या २०१७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमानं पेशंटची माहिती गोपनीय ठेवायची जबाबदारी आपल्यावर आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, अशा ठरावीक वेळी सांगता येतं, आणि तेही लागेल तेवढंच. आता समजा तुम्ही ठाण्यात एका माणसाशी बोलताय, आणि बोलता बोलता तो जुन्या चोरीचं काहीतरी सांगतो. बाहेर तपासी अंमलदार उभा आहे, त्यानं तुम्हाला मगाशी चहा पाजलाय, त्याचा-तुमचा चांगला परिचय आहे. "काय म्हणतोय ओ?" काय सांगणार? आमचं ठरलेलं उत्तर असं, "तब्येतीचं बोललो, साहेब. दवाखान्यात न्यायला लागेल." पोलीस चिडतात. चिडू देत. त्याआधी पेशंटलाही स्पष्ट सांगायचं असतं की मी पोलीस नाही, आणि कुठल्या गोष्टी मला लपवता येणार नाहीत. हे पहिल्या दोन मिनिटांत सांगायचं, सगळं ऐकून झाल्यावर नाही. आपण पोलिसांचे गोड बोलणारे हस्तक आहोत असं एकदा वस्तीत पसरलं की कुणी आपल्याशी बोलणार नाही.

फोटोचंही तसंच. बेवारस माणूस सापडला की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा, हा पोलिसांचा मार्ग आणि त्यानं घरं सापडतातही, नाही असं नाही. पण चोविसाव्या कलमानुसार उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. मग पोलिसांच्या आपसातल्या ग्रुपवरचा फोटो गावाच्या बातम्यांच्या ग्रुपवर जातो, आणि खाली लोक काय लिहितात ते वाचवत नाही. आम्ही पोलिसांशी भांडत नाही, पण काही अटी मागतो. स्वच्छ कपड्यातला फोटो, फक्त चेहरा, 'वेडसर' हा शब्द नको, आणि घर सापडलं की ग्रुपवरून काढून टाकायचा. शेवटची अट कुणी पाळत नाही.

सिव्हिलला आत्महत्येच्या प्रयत्नानंतर माणूस येतो तेव्हा तिथल्या चौकीतला पोलीस जबाबासाठी येतो आणि घरचे धास्तावतात, 'आता केस होणार.' म्हणून डॉक्टरलाही खरं सांगत नाहीत आणि पुढचे उपचार घ्यायच्या आत घरी घेऊन जातात. ११५व्या कलमानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही असं सांगितलंय. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा वेगळा ठेवलाय. हे घरच्यांना पोलिसानं आपल्या तोंडानं सांगितलं तर जेवढं पटतं तेवढं आम्ही सांगून पटत नाही. म्हणून आम्ही चौकीतल्या पोलिसालाच विनंती करतो, आधी तुम्ही हे सांगा, मग आम्ही बसतो. जाताना १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर केसपेपरच्या मागं पेनानं लिहून द्यायचा. छापील पत्रकं पिशवीत जातात आणि पिशवी खुंटीला.

आणि परतीच्या गाडीत, मिरजेचा उड्डाणपूल ओलांडला की, शेजारचा पोलीस हमखास म्हणतो, "मॅडम, एक पर्सनल विचारायचं होतं." झोप लागत नाही. पोरगं बोलत नाही. बायको माहेरी गेलीय. गणपतीत सलग ड्युटी झाली, मिरजेची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यानंतर छातीत धडधडतंय. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, त्याची आठवण इथले पोलीस अजून काढतात. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते आम्ही शिकवतो, कारण इथं मोह मोठा असतो. पोलीस आपला पेशंट झाला की आपला दोस्त झाला, काम सोपं झालं, असं वाटतं. तसं करायचं नाही. ऐकून घ्यायचं, थट्टेवारी न्यायचं नाही, आणि त्याला आपल्यापैकी जो त्या ठाण्यात कधी जात नाही अशा कुणाकडं तरी पाठवायचं. उद्या त्याच पोलिसानं कुणाला मारलं तर तुम्हाला त्याच्याविरुद्ध लिहावं लागेल. ज्याचं दुखणं कुशीत घेतलंय त्याच्याविरुद्ध लिहिणं जमत नाही, आणि जमलं तरी तो परत कुठल्या समुपदेशकाचं तोंड बघणार नाही.

पुढची तुकडी दिवाळीनंतर. या वेळी कन्नड येणारी दोन माणसं तरी हवीत, जतकडची असली तर उत्तम. नर्स असतील तर आधी घेऊ. मराठी हाताने भराभर लिहिता यायला हवं. लॅपटॉप ठाण्यात उघडता येत नाही, आणि हल्ली एम.ए. झालेल्यांनाही पानभर लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. अर्जासोबत फक्त एवढं लिहून पाठवा: रात्री फोन उचलाल का, आणि घरच्यांना ते चालणार आहे का. हवालदार मामांनी तारखा गणपती आणि नवरात्र सोडून घ्यायला सांगितल्यात, त्या तशाच ठेवल्यात. मामा आता निवृत्त झालेत, पण पेशंट व्हायला येणार आहेत.